दारातला प्ले

थोरल्यांना इंग्रजी येत नाही, असं त्यांच्या सासरी कोणी कधी बोलून दाखवलं नाही. बोलायची गरजच नव्हती, सगळ्यांना ते ठाऊकच होतं. पण हा थोरल्यांवर अन्याय होता, आणि तो आधी दूर करू, मगच पुढे जाऊ. थोरले कुलपं आणि बिजागऱ्या करणाऱ्या कारखान्यात तपासनीस होते. तिथे लागणारे सगळे इंग्रजी शब्द त्यांना येत. फक्त प्रत्येक शब्द एकाच अर्थाने येई. आता एका शब्दाला एकच अर्थ ठेवणं हा काही गुन्हा नव्हे. उलट सगळं जग असं वागलं असतं तर निम्मी भांडणं झालीच नसती. निदान ही गोष्ट तरी घडली नसती.

सासऱ्यांना दोन मुली, म्हणून जावई दोन. थोरले आणि धाकटे. धाकटे एका मोठ्या कंपनीत कसलेसे मॅनेजर होते. कसले, ते त्यांनी थोरल्यांना बऱ्याच वेळा समजावून सांगितलं होतं आणि थोरल्यांनी तितक्याच वेळा ते मुद्दाम समजून घेतलं नव्हतं. धाकटे दिसायला बरे, आवाज खर्जातला, बोलणं अर्धं इंग्रजी, आणि विनोद सांगून झाला की स्वतः अजिबात हसायचं नाही ही एक संतापजनक सवय. एवढंही थोरल्यांनी चालवून घेतलं असतं. पण त्या विनोदांना थोरल्यांची बायको हसायची. हसणं म्हणजे साधं नव्हे. तोंडावर हात, डोळ्यांत पाणी आणि वर “पुरे हो, पोट दुखायला लागलं!” पोट तिकडे तिचं दुखे आणि इकडे थोरल्यांचंही दुखे. दुखण्याची कारणं तेवढी वेगळी होती.

घोटाळ्याला सुरुवात झाली ती सासऱ्यांच्या घरी, रविवारच्या चहाला.

“ताई, आमच्या क्लबच्या प्लेमध्ये तुम्ही याच,” धाकटे थोरल्यांच्या बायकोला म्हणाले. “आमच्या हिरॉइनची ऐन वेळी बदली झाली. आमच्या हिला घ्यावं तर हिला स्टेजवर हसू आवरत नाही. तुम्ही कॉलेजात कामं केली आहेत, मला माहीत आहे ना.”

थोरल्यांना हे माहीत नव्हतं. लग्नाला इतकी वर्षं झाली, दोन मुलांची लग्नं झाली, आणि आपल्या बायकोने कॉलेजात नाटकं केली ही बातमी साडूच्या तोंडून कळावी! पण त्यांनी तो घोट चहाबरोबर गिळला आणि संभाषणात भाग घ्यायचं ठरवलं. कारण धाकट्यांच्या त्या वाक्यात त्यांच्या ओळखीचा एक शब्द आला होता.

“प्ले किती आहे?” त्यांनी गंभीरपणे विचारलं.

“दीड तासाचा.”

“तासात नाही हो, मिलिमीटरमध्ये सांगा. आणि कुठे आहे? दाराला की खिडकीला?”

झालं! खोलीत जो हशा उठला तो काही केल्या खाली बसेना. आता यात हसण्यासारखं काय होतं ते तुम्हीच बघा. कारखान्यात प्ले म्हणजे ढिलेपणा. बिजागरीची पिन आणि तिचं भोक यांच्यामध्ये जी केसभर मोकळी जागा राहते, ती प्ले. थोरले दिवसभर बिजागरी उचलायचे, कानाशी नेऊन हलवायचे आणि निकाल द्यायचे. प्ले फार असला तर दार खडखडतं, म्हणून ती भंगारात. प्ले अजिबात नसला तर दार अडतं, म्हणून तीही भंगारात. क्लबात काहीतरी ढिलं झालंय आणि त्यासाठी आपल्या बायकोला बोलावतायत, हे त्यांना विचित्र वाटलं होतं खरं. पण हा माणूस मदत करायला निघाला होता, आणि मदत करायला निघालेल्याला ही वागणूक!

सगळ्यांत जास्त हसली ती त्यांची बायको. “अहो, प्ले म्हणजे नाटक!” ती डोळे पुसत म्हणाली. मग धाकट्यांकडे वळून म्हणाली, “मी येईन. पण माझ्या नवऱ्याचं काम कोण करतंय?”

“मीच,” धाकटे म्हणाले. अर्थातच न हसता.

त्या दिवसापासून थोरल्यांच्या जिवाची जी तडफड सुरू झाली तिला मत्सर म्हणणं हा मत्सराचा अपमान होईल. दुसऱ्याच दिवशी त्यांनी एक जाडजूड शब्दकोश आणला आणि तो एवढासा शब्द काढून बघितला. त्या शब्दाने पानंच्या पानं अडवून ठेवली होती. प्ले म्हणजे खेळणं, प्ले म्हणजे वाजवणं, प्ले सेफ म्हणजे जपून राहणं, प्ले विथ फायर म्हणजे भलताच धोका पत्करणं, फाउल प्ले म्हणजे दगाफटका. एका शब्दाने किती घरं फिरावीत याला काही मर्यादा? ‘प्ले अराउंड’ला पोचल्यावर तर त्यांनी कोश मिटला, चष्मा पुसला, पुन्हा उघडला आणि पुन्हा वाचलं. लग्न झालेल्या माणसाने दुसरीकडे रमणं. त्या संध्याकाळपासून थोरले तालमीला जाऊन बसू लागले.

हे प्रकरण शेजाऱ्यांपासून लपणं शक्यच नव्हतं. खालच्या मजल्यावर एक निवृत्त बँडमास्तर राहत. त्यांनी जिन्यातच गाठलं.

“प्ले म्हणजे वाजवणं, एवढंच खरं,” ते म्हणाले. “आणि तुमचं काय झालंय सांगू? तुम्ही सेकंड फिडल वाजवताय. म्हणजे पहिला व्हायोलिनवाला पुढे उभा राहून सूर मारतो आणि दुसरा मागे बसून नुसतं कुंईकुंई करतो. टाळ्या पहिल्याला.”

“मग दुसऱ्याने काय करायचं?”

“कुंईकुंई करायचं,” बँडमास्तर म्हणाले, आणि भाजीची पिशवी सावरत खाली उतरले.

वरच्या मजल्यावर क्रिकेटचे एक पंच राहत. त्यांना हे कळलं तसे तेही आले. सल्ला द्यायची पाळी आली की आपल्या लोकांना जिना चढायचा कंटाळा येत नाही, उतरायचा तर नाहीच नाही. “पंच ‘प्ले’ म्हणतो, तेव्हा खेळ सुरू होतो,” ते बोट वर करून म्हणाले. “तुमचा खेळ सुरू झालाय हो, आणि तुम्ही अजून मैदानाबाहेर! उतरा मैदानात.”

“उतरू कसा?”

“ते पंचाने सांगायचं नसतं.”

पण मैदानात उतरायचं हे थोरल्यांच्या मनाने घेतलं, कारण घरात आता राहवत नव्हतं. नाटक साधंच होतं. नवरा उशिरा घरी येतो, बेल वाजवतो, बायको कडी काढून दार उघडते, मग दोघांचं कडाक्याचं भांडण होतं आणि शेवटी बायको म्हणते, “माझं चुकलं. मला माफ करा.” त्यावर नवरा तिचा हात हातात घेऊन म्हणतो, “जाऊ दे गं.” पडदा. आता ‘माझं चुकलं’ हे वाक्य थोरल्यांनी उभ्या संसारात बायकोच्या तोंडून कधी ऐकलं नव्हतं. आणि तेच वाक्य ती हल्ली स्वयंपाकघरात निरनिराळ्या आवाजांत म्हणत होती. एकदा हळू, एकदा रडवेल्या सुरात, एकदा मान खाली घालून. आणि हे सगळं धाकट्यांसाठी! एकदा थोरल्यांना ते सहन झालं नाही. ते मागून जाऊन हळूच म्हणाले, “जाऊ दे गं.”

बायकोने वळूनसुद्धा पाहिलं नाही. “ते वाक्य तुमचं नाही,” ती म्हणाली, आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

थोरले तडक धाकट्यांकडे गेले आणि मला नाटकात काम द्या म्हणाले. धाकट्यांनी क्षणभर विचार केला. “एक मेलेले काका आहेत. खुर्चीत डोळे मिटून बसायचं. प्ले डेड, बस्स.” थोरले मेलेल्या काकांनाही कबूल झाले. पण पुढच्याच तालमीला ते काका धाकट्यांच्या वरिष्ठांना देण्यात आले, कारण त्यांना बसून करण्यासारखं काहीतरी हवं होतं.

“तुम्ही दाराचं बघा ना, साडूभाऊ,” धाकटे थोरल्यांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले. हा खांद्यावरचा हात थोरल्यांना विनोदांपेक्षाही जास्त टोचायचा. “तुमच्या हातचं दार म्हणजे काय विचारता! आपला सगळा प्ले त्या दारावर आहे.”

“दारात प्ले किती ठेवू?” थोरल्यांनी विचारलं.

“भरपूर!” धाकटे म्हणाले, आणि आयुष्यात पहिल्यांदा आपल्याच बोलण्यावर हसले.

तरीही थोरल्यांनी ते काम घेतलं. सुतारकामाचाही त्यांना हात होता. दार झालं, चौकट झाली, कारखान्यातल्या उत्तमातल्या उत्तम बिजागऱ्या आणून बसवल्या, आतल्या बाजूला पितळी कडी लावली. असं दार की बोटाने ढकललं तर आवाज न करता उघडावं. धाकट्यांनी त्यातून रुबाबात आत यावं म्हणून आपण रंधा मारतोय, हे मनात आलं की थोरल्यांचा हात थांबायचा. पण कारागिरीत डाव करणं त्यांच्या रक्तात नव्हतं. दार जेव्हा पहिल्यांदा उघडलं, तेव्हा क्षणभर ते धाकट्यांनासुद्धा विसरले.

मग ते दार रंगमंचावर लावायची वेळ आली आणि नाट्यगृहाचे व्यवस्थापक आडवे आले. त्यांच्या टेबलावर नियमांचं पुस्तक होतं आणि चेहऱ्यावर ते पाठ असल्याचं समाधान.

“हे दार उघडतं का?”

“हो तर!” थोरले अभिमानाने म्हणाले.

“मग ते बांधकाम. बांधकामाला अग्निशमनवाल्यांची परवानगी लागते. त्यांच्याकडे अर्ज करा, मग ते पाहायला येतील.”

“कधी येतील?”

“त्यांच्याकडे आग नसेल तेव्हा.”

“आणि दार उघडत नसेल तर?”

“मग ती सजावट. सजावटीला काही लागत नाही.”

प्रयोग तोंडावर आलेला. थोरल्यांनी कागद घेतला आणि सदर दार उघडत नाही, असं लिहून खाली सही केली. जन्मभर दारं उघडावीत म्हणून झिजलेल्या माणसाला स्वतःच्या हाताने हे लिहावं लागलं. सही करताना त्यांना अगदी भरून आलं, आणि व्यवस्थापकांनी तो कागद खुशाल वजनाखाली दाबून ठेवला.

प्रयोगाच्या दिवशी दुपारपासूनच सभागृह भरायला लागलं. बायकोची धाकटी बहीण पहिल्या रांगेत, शेजारी सासरे, मागे बँडमास्तर आणि पंच आपापसात वाद घालत बसलेले. थोरले विंगेत, हातात स्क्रूड्रायव्हर, चेहरा पडलेला. तालमीत धाकट्यांनी शेवटच्या प्रसंगात रोज एकेक वाक्य वाढवलं होतं. माफी लांबत चालली होती आणि हात हातात घेणं त्याहून लांबत चाललं होतं. आज तर सगळ्या गावादेखत ते होणार होतं. थोरल्यांच्या मनात आलं, पंखा पडावा, दिवे जावेत, निदान त्या मेलेल्या काकांना शिंक यावी. काहीही झालं नाही. नाटक छान चाललं होतं. बायको रंगमंचावर अशी वावरत होती की हीच का ती, असं त्यांना वाटलं. आणि ही बाई दुसऱ्याची वाट बघत खिडकीशी उभी होती.

बेल वाजली. धाकटे दाराबाहेर तयार होते. बायको दाराशी गेली, प्रेक्षकांकडे पाठ करून कडीला हात घातला, दार ओढलं. दार हललं नाही. तिने पुन्हा जोर लावला. बाहेरून धाकट्यांनी ढकललं. दार ढिम्म!

साडू बाहेर अडकला, याचा थोरल्यांना आनंद व्हायला हवा होता, पण तो आसपाससुद्धा फिरकला नाही. अडलं! आपलं दार अडलं! रंग फुगला की चौकट वाकली? की प्लेच कमी पडला? सगळा जन्म ज्या चुकीबद्दल इतरांच्या बिजागऱ्या भंगारात फेकल्या, ती चूक आपल्या हातून आणि तीही हजार डोळ्यांसमोर! पुढे काय झालं ते त्यांना नीट आठवत नाही. आपण घरचा ढगळ शर्ट घालून, स्क्रूड्रायव्हर घेऊन भर रंगमंचावर धावत गेलो, हे त्यांना लोकांनी नंतर सांगितलं.

ते दाराला हात लावणार तोच बायकोने त्यांचं मनगट पकडलं.

“आलात?” ती कडाडली. “मागच्या दाराने आलात? इतका वेळ कुठे होतात?”

“अगं, दार...”

“दाराचं नंतर बघू! आधी मला उत्तर द्या.”

सभागृहात खसखस पिकली. थोरले पुन्हा दाराकडे सरकले, तिने बाही धरून मागे ओढलं. ते तिसऱ्यांदा निघाले तेव्हा ती सरळ दाराला पाठ लावून उभी राहिली. पलीकडून धाकटे धडाधड थापा मारत होते. “उघडा! ताई, उघडा ना!”

“कोण आहे?” थोरल्यांच्या तोंडून निघून गेलं.

“शेजारचे आहेत,” बायको शांतपणे म्हणाली. “त्यांना सवय आहे दुसऱ्याच्या घरात यायची. लक्ष देऊ नका.”

छत उडेल असा हशा झाला. धाकटी तर खुर्चीतून खाली घसरली, मेलेले काका गदागदा हलायला लागले. आणि बायको कमरेवर हात ठेवून म्हणाली, “बोला ना! घरात तोंड फुगवून बसता. काय झालंय तुम्हाला?”

आता हे काही नाटकातलं वाक्य नव्हतं. थोरल्यांनाही नाटकातलं एकही वाक्य येत नव्हतं. म्हणून जे येत होतं ते बाहेर पडलं.

“काय झालंय? मी जळतोय, झालं समाधान? त्याला सगळं येतं! त्याला तुझं कॉलेजही माहीत! तो बोलला की तुझं पोट दुखेपर्यंत हसणं, आणि मी बोललो की मला हसणं! एका शब्दासाठी मी अख्खा कोश आणला गं. तू एकदा तरी विचारलंस, काय वाचताय म्हणून?”

त्यांचा आवाज फाटला. सभागृह चिडीचूप झालं. बायको जवळ आली, आणि स्वयंपाकघरात घोकलेल्या कुठल्याच आवाजात नव्हे, तर अगदी साध्या आवाजात म्हणाली, “माझं चुकलं. मला माफ करा.”

थोरल्यांना पुढचं वाक्य ठाऊक होतं. पण ते आपलं नाही हेही त्यांना ठाऊक होतं. ते नुसते उभे राहिले. शेवटी तिनेच त्यांचा हात हातात घेतला आणि पडदा पडला.

टाळ्या थांबेनात. क्लबचे अध्यक्ष आत येऊन थोरल्यांचे दोन्ही हात हलवत म्हणाले, “काय तो सहजपणा! पुढच्या वर्षी हिरो तुम्हीच!” धाकटे लालबुंद होऊन, घामाने निथळत मागच्या बाजूने उगवले. “हा फाउल प्ले आहे! ह्यांनी दार मुद्दाम घट्ट बसवलं!” ते व्यवस्थापकांना म्हणाले. व्यवस्थापकांनी शांतपणे वजनाखालचा कागद आणला आणि वाचून दाखवला. सदर दार उघडत नाही. लेखी आहे, सही आहे, तक्रारीला जागा नाही.

थोरल्यांनी दार तपासायला धाव घेतली, पण सजावटवाल्यांनी सगळं उतरवून टेंपोत भरलंसुद्धा होतं.

दोघं नवराबायको बसथांब्यावर येऊन उभी राहिली. बायकोच्या चेहऱ्यावरचा रंग अजून पुरता उतरला नव्हता, डोळे चमकत होते. जरा वेळाने ती म्हणाली, “खरं सांगा हं. दार मुद्दाम तसं बसवलंत ना? मला त्यांची माफी मागायला लागू नये म्हणून?”

थोरले पेचात पडले. नाही म्हणावं तर आपण नालायक कारागीर ठरतो. हो म्हणावं तर नालायक साडू. त्यांनी तिच्या डोळ्यांकडे पाहिलं. त्या डोळ्यांना काय ऐकायचं होतं ते आंधळ्यालाही दिसलं असतं. थोरल्यांनी जन्मभराच्या इभ्रतीवर पाणी सोडलं.

“हो,” ते म्हणाले. “मुद्दाम.”

“काय थापा मारता हो!” ती म्हणाली. “कडी मी काढलीच नव्हती.”

“कडी?” थोरल्यांनी विचारलं.

“धाकट्या बहिणीच्या नवऱ्याची मी माफी मागायची? तीही चारचौघांत, आणि रोज एक वाक्य जास्त? मी नाही म्हणत होते, तर म्हणे ताई, प्ले अलाँग, म्हणजे चाललंय तसं चालू द्या. केलं मग प्ले.” तिने पदर सावरला. “आणि तुम्ही आपले रोज विंगेत तो चेहरा घेऊन उभे. मला दिसत नव्हतं का? दार अडलं म्हटलं की तुम्ही कुठूनही धावत येणार, एवढं तर मला माहीत आहे ना तुमच्याबद्दल.”

अशा वेळी नवऱ्याने बायकोला काहीतरी छान बोलावं, निदान तिचा हात तरी धरावा. थोरल्यांनी तो धरलाही. मग बराच धीर करून त्यांनी विचारलं, “म्हणजे... दारातला प्ले बरोबर होता?”

बायकोने त्यांच्याकडे पाहिलं, आणि तिला जे हसू फुटलं, ते काही थांबेना. तोंडावर हात, डोळ्यांत पाणी, थांब्याचा खांब धरून ती हसत राहिली. बस आली, थांबली, कंडक्टरने दोनदा घंटी मारली आणि निघून गेली.

“अगं, पण होता का बरोबर?” थोरले विचारत होते.